हौशी मंडळींच्या हाती पहिला ट्रान्झिस्टर कधी आणि कोणता आला?

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डिसेंबर 1947 मध्ये ट्रान्झिस्टरचा, म्हणजे रेडिओचा नव्हे तर विद्युत संकेत वाढवणाऱ्या इवल्याशा घटकाचा, शोध लागला असला, तरी घरच्या टेबलावर प्रयोग करणाऱ्या अमेरिकन हौशी माणसाला तो खऱ्या अर्थाने मिळाला तो 1953 मध्ये, रेथिऑन कंपनीच्या ‘सीके722’च्या रूपाने. श्रवणयंत्रांसाठी बनवलेले जे जर्मेनियम या अर्धवाहक मूलद्रव्याचे ट्रान्झिस्टर त्यांच्या कसोटीला उतरत नसत, ते फेकून न देता या क्रमांकाने विकावेत, ही रेथिऑनमधील नॉर्मन क्रिम यांची कल्पना होती आणि माझ्या मते हौशी इलेक्ट्रॉनिक्सच्या इतिहासात तिचे मोल फार मोठे आहे. सुरुवातीला एका नगाला साडेसात डॉलरच्या आसपास पडत, म्हणून नवशिके तो जपून वापरत. सोल्डरिंग करताना (डाख देताना) जर्मेनियम तापून निकामी होऊ नये यासाठी तार पकडीने धरून उष्णता बाहेरच्या बाहेर शोषून घेतली जाई. काही वर्षांतच किंमत डॉलरच्या आत आली.

ब्रिटनमध्ये मुलार्ड कंपनीचा ‘ओसी71’ ट्रान्झिस्टर असाच घरोघरी पोहोचला. त्याच्या काचेच्या इवल्याशा नळीवर काळा रंग दिलेला असे, कारण जर्मेनियमच्या सांध्यावर प्रकाश पडला की प्रवाह वाढतो. हे ओळखून अनेकांनी ब्लेडने तो रंग खरवडला आणि महागड्या ‘ओसीपी71’ या प्रकाशसंवेदी ट्रान्झिस्टरचे काम त्याच्याकडूनच करून घेतले. पुढे नळीत अपारदर्शक लेप भरला जाऊ लागला आणि ही युक्ती चालेनाशी झाली.