त्या उंदरांच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या

"मॅडम, हे वाचा आणि खरं काय ते सांगा." खुर्चीवर टेकायच्या आधीच त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. एका शोधनिबंधातल्या दोन ओळी पिवळ्या केलेल्या होत्या. पीकेडी-१ हे जनुक निकामी केलेले उंदीर जन्माआधीच मरतात, असा त्यांचा आशय.

वय चौतीस. वडील डायलिसिसवर. स्वतःच्या दोन्ही किडन्यांत पाण्याच्या गाठी, म्हणजे पॉलिसिस्टिक किडनी डिसीज (पीकेडी) हा आनुवंशिक आजार, आणि जनुक तपासणीत पीकेडी-१ मध्येच दोष. पत्नीला तिसरा महिना. "माझ्याकडून बाळाला हेच जाणार ना?"

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) हा प्रश्न माझ्याकडे हल्ली वरचेवर येतो. लोक मूळ निबंध वाचून येतात याचा मला आनंदच आहे. पण तो लिहिलेला असतो संशोधकांसाठी, आणि त्यांना न सांगता कळणारी गोष्ट नेमकी घरच्यांना कळत नाही.

मी कोऱ्या कागदावर दोन रेघा ओढल्या. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. त्या उंदरांच्या दोन्ही रेघांवर मी फुली मारली. शेजारी आणखी दोन रेघा काढून एकीवरच फुली मारली. "या तुमच्या. फुलीची रेघ बाळाकडे जाण्याची शक्यता पन्नास टक्के. गेली तरी दुसरी रेघ आईकडून येणार, आणि त्यांच्या माहेरी हा आजार नाही." एकच प्रत बिघडलेले उंदीरही प्रयोगशाळांत आहेत. ते जन्मतात, वाढतात, त्यांना पिल्लं होतात आणि उतारवयात थोड्या गाठी दिसतात. त्या उंदरांपर्यंत कुणाचा मोबाइल पोचत नाही.

"मग एक प्रत चांगली असताना मला गाठी का?"

प्रश्न बरोबर होता. किडनीतल्या बारीक नळ्यांच्या पेशींवर आतल्या पोकळीकडे एक केसासारखा तंतू उभा असतो, सिलिया. पीकेडी-१ आणि याच आजाराचं दुसरं जनुक पीकेडी-२ यांची प्रथिनं त्या तंतूवर असतात. 2000 साली आखूड सिलिया असलेल्या, किडनीत गाठी होणाऱ्या उंदरांत बिघडलेलं एक वेगळं जनुक एका हिरव्या एकपेशीय शैवालातही सापडलं. ते नसलं की शैवालाला पोहण्याचे तंतूच फुटत नाहीत. मला हे अजूनही विलक्षण वाटतं. तर वर्षं जातात तशी एखाद्या पेशीत चांगली प्रतही बिघडते किंवा तिचं काम फार कमी पडतं, आणि त्या पेशीपासून गाठ वाढू लागते. म्हणून बहुतेकांचं बालपण शांत जातं आणि त्रास मोठेपणी होतो.

"म्हणजे बाळ नक्की ठणठणीत?" 'नक्की' हा शब्द मी वापरला नाही. क्वचित लहान वयातही गाठी किंवा वाढलेलं बीपी दिसतं, हे मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. खोटा धीर दिला असता तर पुढच्या निबंधाच्या वेळी ते माझ्याकडे आलेच नसते.

मग त्यांनी दुसरा निबंध उघडला. 2007 मधला. उंदराच्या पिल्लात जनुक जन्मानंतर तेराव्या दिवसाआधी बंद केलं तर तीन आठवड्यांत किडनी गाठींनी भरते, चौदाव्या दिवसानंतर केलं तर गाठी यायला पाच महिने लागतात. "एका दिवसाने एवढा फरक?" किडनीची वाढ त्या सुमारास मंदावते, आणि वाढत्या किडनीत नुकसान झपाट्याने होतं. पण इथेही दोन्ही प्रती बंद केल्या होत्या. हे यावेळी मी बोलायच्या आधी त्यांनीच म्हटलं.

आशेच्या बातम्यांनाही हीच चाळणी लावावी लागते. रॅपामायसिन या औषधाने उंदरांच्या गाठी आटोक्यात आल्या. 2010 मध्ये माणसांवरच्या चाचण्यांत त्या गटातल्या औषधांनी किडनीचं काम टिकवलं नाही. उलट 2003 मध्ये एका वेगळ्याच सिलिया-जनुकात दोष असलेल्या उंदरांत ज्या प्रकारचं औषध लागू पडलं, त्याच गटातलं टोलव्हॅप्टन 2012 च्या चाचणीत माणसांतही आजाराचा वेग कमी करताना दिसलं. 2018 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते आजार बरा करत नाही, तहान-लघवी खूप वाढते, यकृतावर लक्ष ठेवावं लागतं. कुणाला द्यायचं ते किडनीतज्ज्ञ ठरवतात.

गर्भातच जनुक तपासायचं की नाही, हे नवरा-बायको दोघांनी मिळून ठरवायचं होतं. पुढच्या वेळी पत्नीलाही घेऊन या, म्हटलं. निघताना सहज विचारलं, "तुमचं बीपी शेवटचं कधी मोजलं?" ते थबकले. दीड वर्ष झालं होतं. पट्टा बांधला. 152 वर 98. या आजारात किडनी जपायला बीपी ताब्यात असणं फार मोलाचं, आणि ते आजपासून करता येतं. त्यांनी मोबाइल खिशात ठेवला आणि किडनीतज्ज्ञांची वेळ माझ्यासमोरच घेतली.