उक्त्याचा आकडा आणि जोत्याखालची काळी माती

प्रश्न : मी परभणीत शिक्षिका आहे. वय ४७, हातात पगार ५८ हजार, घरखर्च ३५ हजार, कर्ज नाही. सासूबाईंना जिना चढवत नाही, म्हणून तळमजल्याला लागून दोन खोल्या आणि संडास-बाथरूम वाढवायचं आहे. ठेकेदार साडेआठ लाखांत उक्तं, म्हणजे सगळं मिळून एकाच ठरलेल्या रकमेत, काम करायला तयार आहे. ५ लाखांची एफडी मोडून साडेतीन लाख कर्ज काढेन. माती परीक्षणाचे २० हजार सांगितलेत. ठेकेदार म्हणतो, जमीन इतकी टणक की कुदळ लागत नाही, परीक्षण कशाला? हा खर्च वाचवू का?

उत्तर : ताई, हे २० हजार वाचवू नका. अख्खी एफडीही मोडू नका.

आधी मातीचं बोलते, कारण तुमच्या पैशांचं गणित तिच्यावरच उभं आहे. एप्रिल-मेमध्ये काळी माती दगडासारखी लागते, ती वाळून आक्रसलेली असते म्हणून. हीच माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात पुन्हा भेगाळते. पाया तिच्यातच थांबला तर दरवर्षी तो वर-खाली होत राहतो. तुमच्याकडे तर त्याच भिंतीलगत संडास-बाथरूम येणार. एक जोड गळला तरी माती एकाच बाजूने फुगेल. शिवाय जुनं घर कधीच बसून स्थिरावलंय, नवं आता बसायला लागेल. म्हणून दोन्हींमध्ये सांधा मोकळा ठेवावा लागतो. नव्या पायाची खोदाई जुन्याच्या खाली जाणार असेल तर ती टप्प्याटप्प्यानेच करायची.

चाचणी खड्डा आणि प्रयोगशाळेच्या अहवालातून तीन गोष्टी कळायला हव्यात : मुरूम किती खोलीवर लागतो, माती किती फुगते आणि किती भार पेलते. (शेतासाठी नत्र-स्फुरद-पालाश तपासतात ते परीक्षण वेगळं, त्याचा इथे उपयोग नाही.) मुरूम ४-५ फुटांवर लागला तर पाया त्यावर टेकवता येतो आणि तुमचं अंदाजपत्रक फारसं हलत नाही. काळी माती खूप खोल निघाली तर स्ट्रक्चरल इंजिनिअर कदाचित अंडर-रीम्ड पाइल सुचवतील. खाली फुगीर गड्डा असलेले हे खांब रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी विकसित केले. तेव्हा मात्र खर्च वाढेल.

म्हणूनच आज साडेआठ लाखांच्या आकड्यावर सही करू नका. उक्त्या कामात खोदाई जितकी उथळ, तितकं ठेकेदाराचं जास्त सुटतं. तो माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण करारच तसा आहे. जोत्यापर्यंतचं काम मोजमापावर, म्हणजे जेवढं काम होईल तेवढेच पैसे या बोलीवर द्या, वरचं उक्तं चालेल.

आता पैसे. एफडीतले २ लाख १० हजार, म्हणजे सहा महिन्यांचा घरखर्च, बाजूला राहू द्या. घरात वृद्ध माणूस आहे, ती रक्कम विटांत घालू नका. उरले २ लाख ९० हजार. बँकेकडून ७ लाखांचं गृहविस्तार कर्ज मंजूर करून घ्या आणि लागेल तसं उचला. व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं. पूर्ण उचललं तरी ९ टक्के दराने १० वर्षांचा हप्ता सुमारे ८,८७० रुपये. तुमच्याकडे महिन्याला २३ हजार उरतात, शिवाय कर्ज ५७व्या वर्षी फिटतं. २ लाख ९० हजार आणि कर्जाचे ७ लाख मिळून ९ लाख ९० हजार होतात. त्यातून ठेकेदाराचे साडेआठ लाख आणि परीक्षणाचे २० हजार गेले, तरी पायाच्या वाढीव खर्चासाठी १ लाख २० हजारांची जागा राहते. मात्र नव्या करप्रणालीत असाल तर राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही, ती हिशोबात धरू नका.

पाइलचा खर्च याही पलीकडे गेला तर सासूबाईंची खोली आणि संडास-बाथरूम एवढंच बांधा, दुसरी खोली पुढे कधीतरी. खोली कमी केली तरी पाया मात्र अहवाल सांगेल तेवढाच खोल.

ठेकेदाराला इसार देण्याआधी चाचणी खड्डा घ्या, आणि तो जुन्या भिंतीला अगदी खेटून नको. खड्डा खणला जाईल त्या दिवशी इंजिनिअरांना जुन्या घराच्या खिडक्यांचे कोपरेही दाखवा. तिथे तिरक्या भेगा असतील तर पेन्सिलीने टोकं खुणावून तारीख लिहून ठेवा, म्हणजे भेग पुढे वाढते का ते कळेल.