आपल्या नावावर परक्याचा व्यवहार : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

आधार, पॅन आणि मोबाइल क्रमांकाच्या गैरवापराबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रं या वेळी घेतली आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत.

पुण्यात भाड्याने घर घेते आहे. करार तयार करणारा एजंट आधार-पॅनचे फोटो व्हॉट्सॲपवर मागतो, सोसायटीला वेगळी झेरॉक्स हवी आहे. नाही म्हणता येत नाही. देताना काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, नाशिक

सोसायटीला तुम्ही कोण हे कळायला हवं. तुमचा 12 आकडी आधार क्रमांक तिच्या काही कामाचा नाही. म्हणून तिथे मास्क्ड आधार द्या. यात पहिले 8 आकडे झाकलेले असतात, शेवटचे 4 दिसतात. मायआधार संकेतस्थळावर लॉगिन करून ‘डाउनलोड आधार’मध्ये जा, मास्क्ड आधारच्या चौकटीवर खूण करा आणि पीडीएफ उतरवून घ्या. नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, पैसे लागत नाहीत.

या पीडीएफला पासवर्ड असतो, म्हणून ती कुणालाही पाठवली तरी सुरक्षित, असं अनेकांना वाटतं. पण पासवर्ड सगळ्यांचा एकाच नियमाने बनतो : नावाची पहिली 4 इंग्रजी अक्षरं, कॅपिटलमध्ये, आणि पुढे जन्मसाल. तुमचं नाव आणि वय ज्याला माहीत आहे त्याला तो एका मिनिटात जमतो. त्यामुळे पूर्ण क्रमांकाची पीडीएफ पासवर्डच्या भरवशावर पाठवू नका.

जुन्या कार्डावरचे आकडे पेनाने खोडून झेरॉक्स देणारेही पुष्कळ आहेत. त्यात एक फट राहते. 2018 मध्ये सुरक्षित क्यूआर कोड आला. त्याआधी छापलेल्या कार्डांच्या क्यूआर कोडमध्ये पूर्ण आधार क्रमांक असायचा. आकडे खोडले आणि कोड तसाच ठेवला, तर साध्या स्कॅनरनेही क्रमांक वाचता येतो. नव्या कोडमध्ये फक्त शेवटचे 4 आकडे असतात, पण नाव, पत्ता, जन्मतारीख आणि फोटो त्यातही असतोच. फोनवर आकडे झाकायचे असतील तर हायलायटर वापरू नका, कारण उजेड वाढवला की खालचं दिसतं. ठळक काळा चौकोन लावा, मग त्याचा स्क्रीनशॉट काढून तोच पाठवा.

प्रत्येक प्रतीवर आडवं लिहा : ‘फक्त अमुक सोसायटीच्या भाडेकरू नोंदीसाठी’, खाली तारीख. ही ओळ फोटोच्या आणि मजकुराच्या अंगावरून गेली पाहिजे. कोपऱ्यात लिहिली तर कापून टाकता येते. कार्ड हातात धरून काढलेला सेल्फी एजंटला अजिबात देऊ नका. ऑनलाइन कर्जाच्या केवायसीत चेहरा आणि कार्ड हीच जोडी मागतात.

पॅन मागितला तर कशासाठी ते विचारा. वर्षाचं भाडं 1 लाख रुपयांपेक्षा जास्त असेल तर घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी घरमालकाचा पॅन तुम्हाला लागतो. सोसायटीच्या फाइलमध्ये तुमच्या पॅनचं काही काम नाही. करार मात्र ऑनलाइन नोंदवताना आधार क्रमांक आणि अंगठा द्यावाच लागतो. तो समोर बसून, तुमच्याच कराराचा मसुदा पडद्यावर वाचून झाल्यावर द्या.

आणि झेरॉक्सच्या दुकानाचं. ‘या नंबरवर पाठवा, प्रिंट काढतो’ म्हणून पाठवलेली फाइल दुकानातल्या संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये पडून राहते. तुम्ही व्हॉट्सॲपवरून ‘सर्वांसाठी डिलीट’ केलं तरी ती तिथून जात नाही. प्रिंट निघाली की दुकानदाराला तिथेच शिफ्ट दाबून डिलीट करायला सांगा. यात संकोच बाळगू नका, बरेच दुकानदार तक्रार न करता करतात.

क्रेडिट रिपोर्टमध्ये मी कधीच न घेतलेलं 38,000 रुपयांचं कर्ज दिसतं, हप्तेही थकलेले आहेत. वसुलीवाले फोन करतात, ‘भरून टाका, विषय संपेल’ म्हणतात. भरू का?
— एक वाचक, सोलापूर

भरू नका. एक हप्ता भरलात तरी कर्ज तुमचंच होतं असा पुरावा तुम्हीच दिल्यासारखं होतं. ‘तडजोड करून मिटवा’ हेही ऐकू नका. त्याने रिपोर्टवर ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो आणि पुढे घरकर्ज मागताना तोच आड येतो.

पहिल्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीवर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून पोचक्रमांक घ्या. दुसऱ्याची ओळख अप्रामाणिकपणे वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 सी खाली गुन्हा आहे. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड. पोलीस ठाण्यात अर्ज देताना हे कलम लिहा, नुसतं ‘फसवणूक झाली’ असं नको.

मग कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. बहुतेक लोक इथे कमी पडतात. ‘हे कर्ज माझं नाही’ एवढंच लिहितात आणि ‘आमच्या नोंदीनुसार केवायसी पूर्ण आहे’ असं साचेबंद उत्तर येतं. त्याऐवजी या गोष्टी नावानिशी मागा : अर्जाची प्रत, केवायसीत वापरलेली कागदपत्रं आणि सेल्फी, अर्जातला मोबाइल आणि ईमेल, अर्ज ज्या आयपी पत्त्यावरून आला तो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रक्कम ज्या बँक खात्यात जमा झाली त्याचा क्रमांक. ते खातं तुमचं नाही हे एकदा कागदावर आलं की कंपनीच्या म्हणण्यात दम उरत नाही. सोबत पोलीस तक्रारीची पोच जोडा.

त्याच दिवशी क्रेडिट ब्युरोकडे, म्हणजे कर्जांच्या नोंदींचा हा रिपोर्ट बनवणाऱ्या संस्थेकडे, हरकत नोंदवा आणि प्रकार निवडताना ‘खातं माझं नाही’ हाच निवडा. ‘रक्कम चुकीची’ निवडलंत तर कर्ज मान्य आहे असा अर्थ निघतो. भारतात चार ब्युरो आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चौघांचे रिपोर्ट काढा, कारण एकाकडे दुरुस्त झालेली नोंद दुसऱ्याकडे तशीच राहू शकते. प्रत्येकाने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो.

तक्रार 30 दिवसांत निकाली निघाली नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई कंपनीने किंवा ब्युरोने तुम्हाला द्यावी लागते. रिझर्व्ह बँकेचा हा नियम एप्रिल 2024 पासून लागू आहे. म्हणून तक्रारीची तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट जपून ठेवा. महिन्याभरात उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं. क्रेडिट ब्युरोही 2022 पासून त्याच्या कक्षेत आहेत.

पॅन एकदा गेला की एका कर्जावर थांबेलच असं नाही. आयकर पोर्टलवर वार्षिक माहिती विवरण उघडून तुमचे नसलेले व्यवहार दिसतात का पाहा. दिसले तर त्या ओळीवरच हरकत नोंदवता येते. जीएसटी पोर्टलवर पॅन टाकून शोध घ्या. तुमच्या पॅनवर कुणी फर्म काढली असेल तर तिथे कळेल.

आई गावी असते. तिच्या खात्यातून दोनदा 10,000 रुपये गेले. ओटीपी आला नाही, एटीएम कार्ड कपाटातच आहे. हे कसं होतं?
— एक वाचक, लातूर

हे आधार आधारित पेमेंटमधून होतं. गावातला बँक मित्र ज्या छोट्या यंत्रावर अंगठा घेऊन पैसे देतो, तीच पद्धत. तिला आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा एवढंच लागतं. बँकेचं नाव चुकलं तरी चोर दुसरी निवडून पुन्हा प्रयत्न करतो.

अंगठा दोन वाटांनी जातो. एक म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या प्रती. त्यांवर आधार क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा एकाच पानावर असतो. काही राज्यांत असे दस्त उतरवून सिलिकॉनचे अंगठे बनवल्याचं पोलीस तपासात उघड झालं आहे. दुसरी वाट साधी आणि गावोगावची आहे : ‘आजी, अंगठा उमटला नाही, परत लावा’. पहिला अंगठा उमटलेला असतो, दुसऱ्याने दुसरा व्यवहार होतो. म्हणून व्यवहार फसला असं कुणी म्हणालं तर फसल्याची पावतीही मागायची, हे आईला सांगून ठेवा.

आता लगेच बँकेत लेखी तक्रार द्या. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा व्यवहाराची खबर बँकेचा संदेश आल्यापासून कामाच्या 3 दिवसांत दिली, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, असा रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम आहे. सहकारी बँकांसाठीही तो त्याच वर्षी आला. कामाचे 4 ते 7 दिवस लागले तर साध्या बचत खात्यावर जास्तीत जास्त 10,000 आणि मूलभूत बचत खात्यावर 5,000 रुपये ग्राहकाच्या अंगावर येतात. तक्रारीनंतर कामाच्या 10 दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करायची असते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. आईचं अंगठ्याने पैसे काढण्यावाचून अडत नसेल, तर खात्यावरची ती सोय बंद करण्याचा अर्जही द्या. अनेक बँका तशी मुभा देतात.

कायमचा उपाय म्हणजे बायोमेट्रिक लॉक. मायआधार संकेतस्थळावर लॉगिन करून लावता येतो. लावला की बोटांचे ठसे, बुबुळ आणि चेहरा तिन्ही बंद होतात. त्यामुळे रेशन दुकानात, हयातीच्या दाखल्याला आणि घराच्या कराराला ‘जुळत नाही’ असं येईल. घाबरू नका. आधी लॉक तात्पुरता उघडायचा, तो 10 मिनिटांनी आपोआप परत लागतो. गर्दीच्या रेशन दुकानात 10 मिनिटं पुरत नाहीत, म्हणून नंबर अगदी जवळ आल्यावरच उघडा.

आईच्या आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर यातलं काहीच होणार नाही. आधार केंद्रात 75 रुपये भरून क्रमांक जोडता येतो, कागदपत्र लागत नाही. क्रमांक आईचा स्वतःचा किंवा तुमचा जोडा. दुकानदाराचा किंवा बँक मित्राचा ‘सोयीसाठी’ मुळीच नको. तिथेच वर्षानुवर्षं घात होतो.

मोबाइलची रेंज अचानक गेली, घरातल्या इतरांची आहे. सिम स्वॅप असेल का?
— एक वाचक, ठाणे

सिम स्वॅप म्हणजे तुमच्या क्रमांकाचं नवं सिम दुसऱ्याने काढून घेणं. त्याच कंपनीचे शेजारचे फोन चालू असतील आणि तुमचाच बंद, तर तसंच धरून चाला. फोन बंद-चालू करून एकदा पाहा, त्यापेक्षा जास्त वेळ घालवू नका. दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचारा : ‘माझ्या क्रमांकावर नवं सिम किंवा ई-सिम निघालं आहे का?’ हो म्हणाले तर क्रमांक बंद करायला सांगा आणि लगेच बँकेला फोन करून नेट बँकिंग, यूपीआय गोठवा. नवं सिम चालू झाल्यावर पहिले 24 तास त्यावर एसएमएस येऊ नयेत, असा दूरसंचार खात्याचा 2022 चा आदेश आहे. तेवढाच वेळ तुमच्या हाती असतो. ई-सिमच्या फसवणुकीत तर सिम तुमच्याच हातून जातं : ‘कंपनीतून बोलतोय’ म्हणणारा तुमच्याकडून एक संदेश पाठवून घेतो किंवा आलेला कोड विचारतो.

दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावरचे सगळे क्रमांक दिसतात. अनोळखी क्रमांकापुढे ‘माझा क्रमांक नाही’ निवडा. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त 9 सिम चालतात, जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येत 6.

वडील वारले. त्यांच्या कागदपत्रांचा गैरवापर होऊ नये म्हणून काय बंद करावं?
— एक वाचक, कोल्हापूर

क्रम महत्त्वाचा. मोबाइल क्रमांक सगळ्यात शेवटी बंद करा. बँका आणि विम्याचे संदेश त्यावर येत राहतात आणि कुठे काय होतं ते त्यातून कळतं. त्या ओटीपीने पैसे मात्र काढू नका, रक्कम वारस किंवा नामनिर्देशित व्यक्ती म्हणूनच मागा. आधी बँकांना मृत्यू दाखला द्या. मायआधार संकेतस्थळावर कुटुंबातल्या व्यक्तीच्या मृत्यूची माहिती देण्याची सोय 2025 पासून आहे, ती वापरा. शेवटचं आयकर विवरण भरून परतावा आला की पॅन परत करण्यासाठी आयकर अधिकाऱ्याला पत्र द्या, त्याआधी नको. वर्षभराने त्यांच्या नावाचा क्रेडिट रिपोर्ट मागवता येतो का हेही पाहा.

अमेरिकेत राहतो. इथल्या कंपनीकडून माझा सोशल सिक्युरिटी क्रमांक फुटल्याचं पत्र आलं. भारतातल्या खात्यांनाही धोका आहे का?
— एक वाचक, न्यू जर्सी

तिथे आधी क्रेडिट फ्रीझ लावा, म्हणजे तुमचा क्रेडिट रिपोर्ट बंद राहतो आणि तुमच्या नावावर नवं कर्ज काढणं अवघड होतं. इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्हींकडे वेगवेगळा लावावा लागतो. एकीकडे लावला म्हणून दुसरीकडे लागत नाही. सप्टेंबर 2018 पासून तो फुकट आहे. ऑनलाइन किंवा फोनवर मागितला तर कामाच्या एका दिवसात लागतो, उठवायला एक तास. ‘क्रेडिट लॉक’ नावाची मासिक शुल्काची सेवा पुढे केली जाते, तिची गरज नाही. आयआरएसकडून, म्हणजे तिथल्या कर खात्याकडून, 6 आकडी आयपी पिनही घ्या, म्हणजे तुमच्या नावाने दुसरा कुणी कर विवरण भरू शकणार नाही.

भारतात असा फ्रीझ नाही. तुमच्या बाबतीत खरा धोका जुन्या भारतीय सिमचा आहे. रिचार्ज न झाल्याने बंद पडलेला क्रमांक 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. तुमच्या बँकेचे आणि आधारचे ओटीपी मग त्याच्या फोनवर वाजतात. बँकांना परदेशी क्रमांक कळवा. आधारला जोडलेला भारतीय क्रमांक सोडायचा नसेल तर त्याच्या रिचार्जची तारीख पुण्या-मुंबईतल्या घरच्यांवर न सोपवता स्वतःच्या कॅलेंडरात टाका.