सूत्रं पाठ आहेत, तरी गणितं चुकतात

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. फिजिक्सची सूत्रं तोंडपाठ, पण यांत्रिकी आणि विजेची गणितं हमखास चुकतात. इंजिनिअरिंगचा नाद सोडायला सांगावा का? – एक पालक

उत्तर : एवढ्यात नको. आधी तिची चुकलेली २० गणितं काढा आणि प्रत्येक गणित कोणत्या ओळीवर घसरलं ते तिलाच शोधू द्या. आकडेमोड बहुधा बरोबर असते. आकृती न काढताच सूत्रात आकडे घातलेले असतात.

समजा, ३०° च्या उतारावर २ किलोचा ठोकळा आहे, घर्षणांक ०.२. मुलं सवयीने लंब प्रतिक्रिया (उतार ठोकळ्याला काटकोनात ढकलतो ते बल) वजनाएवढी, १९.६ न्यूटन धरतात. फ्री बॉडी डायग्राम (ठोकळ्यावरची सगळी बलं बाणांनी दाखवणारी आकृती) काढला की दिसतं, ती १९.६ × ०.८६६, म्हणजे सुमारे १७ आहे. घर्षण ३.४, उतारावरून खाली ओढणारं बल ९.८, उरले ६.४ न्यूटन, त्वरण ३.२ मी/से². आता स्थितिक (ठोकळा थांबलेला असतानाचा) घर्षणांक ०.६ द्या. तेच सूत्र वापरलं तर त्वरण ऋण येतं, जणू ठोकळा आपोआप वर चढतोय! खरं तर तो जागचा हलत नाही. घर्षण १०.२ पर्यंत जाऊ शकतं, पण लागतं तेवढंच, ९.८ न्यूटन, लागू होतं. हे तिने तुम्हाला स्वतःच्या शब्दांत समजावलं, तर यांत्रिकीची काळजी सोडा.

विजेतही तसंच. १२ व्होल्टची बॅटरी, अंतर्गत रोध ०.५ ओहम, पुढे १.५ ओहम एकसर, मग ३ आणि ६ ओहम समांतर. समांतर जोडीवर थेट १२ व्होल्ट धरणं ही नेहमीची चूक. जोडीचा रोध २, एकूण ४ ओहम, करंट ३ अँपिअर. जोडीवर फक्त ६ व्होल्ट. तीनमधून २, सहामधून १ अँपिअर. बेरीज ३, ताळा जमला.

रोज पाचच गणितं, घड्याळ न लावता. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात हे खरं, पण वेगाचा सराव नंतर. सहा आठवड्यांनी नवी २० गणितं द्या. चुका आकडेमोडीपुरत्या उरल्या असतील, तर सीईटीचा फॉर्म निर्धास्त भरा. आकृतीच अडत असेल, तर क्लास बदलण्याआधी अकरावीचं सदिशांचं (दिशा असलेल्या राशींचं) प्रकरण पुन्हा करून घ्या.