घाम दिसू नये अशी शाळा

नामांकित निवासी शाळांत घडणाऱ्या किशोर कादंबऱ्यांविषयी गेल्या काही आठवड्यांत बरीच पत्रे आली. त्यांतील चार येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण उरलेल्या पत्रांना जे सांगायचे ते बऱ्याच अंशी त्यातूनच निघते.

प्रश्न : मी सोळा वर्षांची आहे. श्रीमंत मुलांच्या निवासी शाळेवरील मी वाचलेल्या बहुतेक कादंबऱ्यांत नायिका शिष्यवृत्तीवर आलेली असते. असे का? आणि प्रवेश स्वतःच्या गुणांवर मिळवलेला असूनही ती तिथे इतकी अवघडलेली का असते?

उत्तर : तुझ्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. बंदिस्त जगाचे नियम वाचकाला सांगायचे असतील, तर ते ज्याला ठाऊक नाहीत असे एक पात्र लेखकाला लागतेच. घंटा कशासाठी वाजली, अमुक पायरीवर वरच्या वर्गातल्यांनीच का बसायचे, 'हाऊस' म्हणजे नेमके काय, हे नवख्या मुलीने विचारले की वाचकालाही कळते. या साहित्यप्रकाराची वाट ज्या पुस्तकाने रुळवली, त्या थॉमस ह्यूज यांच्या 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' (1857) या कादंबरीतला टॉमही इंग्लंडमधल्या 'रग्बी' नावाच्या निवासी शाळेत नवखाच आहे. मात्र तो गावच्या जमीनदाराचा मुलगा आहे, म्हणजे ज्या थरासाठी ती शाळा चालते त्याच थरातला आहे. त्यामुळे पहिल्याच दिवशी सामन्यात चेंडूवर झेप घेऊन तो इतरांच्या अंगाखाली चिरडला जातो आणि तेवढ्याने शाळेत सामावून जाण्याचे त्याचे निम्मे काम होऊन जाते. त्याला पुढे छळ सोसावा लागतो, पण तू इथला नाहीस असे त्याला कोणी म्हणत नाही. शिष्यवृत्तीवर आलेल्या मुलीचा नवखेपणा असा एका सत्रात सरत नाही, आणि आजच्या लेखकांना तीनशे पानांचा विषय मिळतो तो तिथेच.

दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. ती हुशार असूनही अवघडते असे तू म्हणतेस. मला वाटते, हुशारीसाठी तिने जे कष्ट घेतले त्यांच्यामुळेच ती अवघडते. तिला या फाटकातून आत आणले ते तिच्या महत्त्वाकांक्षेने, म्हणजे पहाटे उठून केलेल्या अभ्यासाने, प्रवेशपरीक्षेने, पुन्हा पुन्हा खोडून लिहिलेल्या अर्जाने. आत आल्यावर मात्र तिच्या ध्यानात येते की इथे सगळे मिळवायचे असते, पण त्यासाठी केलेली धडपड कोणाला दिसू द्यायची नसते. ज्यांचे आजोबाही याच शाळेत शिकले ती मुले परीक्षेच्या आदल्या रात्री आपण पुस्तक उघडलेच नाही असे सांगतात आणि सकाळी उत्तम पेपर लिहून येतात. ती खोटे बोलत असतील किंवा नसतीलही, पण तसे म्हणण्याची रीत त्यांना जन्मापासून अवगत असते. (इटलीतल्या बाल्दास्सारे कास्तिल्योने यांनी 1528 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या दरबारी शिष्टाचारावरील ग्रंथात या कमावलेल्या सहजतेला एक स्वतंत्र शब्दच दिला होता, म्हणजे खोड बरीच जुनी आहे.) आमची नायिका मात्र वर्गात हात वर करते, प्रत्येक उत्तर देते, ग्रंथालय बंद होईपर्यंत तिथून हलत नाही, आणि आपण नेमके कुठे चुकलो हे तिला कळत नाही.

जॉन नोल्स यांच्या 'अ सेपरेट पीस' (1959) या कादंबरीत ही गाठ फार नेमकी बांधलेली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या एका अमेरिकन निवासी शाळेत जीन नावाचा मुलगा अभ्यासात पहिला येण्यासाठी झटतो आहे, आणि आपला जिवलग मित्र फिनियस आपल्याला मुद्दाम उनाडक्यांत गुंतवून मागे खेचतो आहे, असा संशय त्याच्या मनात घर करतो. फिनियस स्वतः शाळेचा पोहण्याचा विक्रम सहज मोडतो आणि त्याविषयी कोणाला सांगू नकोस म्हणतो. पुढे एका संध्याकाळी जीन चिडून अभ्यासाचे कारण पुढे करतो, तेव्हा उघड होते की जीनला अभ्यास करावा लागतो हेच फिनियसला कधी सुचले नव्हते. आपल्याला खेळ जमतो तसा याला अभ्यास आपसूक जमत असेल, असे तो धरून चालला होता. मित्र आपला वैरी नव्हता, तो स्पर्धेत उतरलेलाच नव्हता, हे कळल्यावर जीनला हायसे वाटायला हवे होते. प्रत्यक्षात तो अधिकच हादरतो. त्यानंतर झाडावर जे घडते ते मी येथे सांगणार नाही, तू ते वाचावेस.

समाजशास्त्रज्ञ शेमस खान हे ज्या सेंट पॉल्स या अमेरिकन निवासी शाळेत शिकले, तिथेच पुढे शिक्षक म्हणून राहिले आणि त्या अनुभवावर त्यांनी 2011 साली 'प्रिव्हिलेज' हा ग्रंथ लिहिला. त्यांचे निरीक्षण असे, की आजची तिथली मुले घराण्याचा तोरा मिरवीत नाहीत, ती मेहनतीचीच भाषा बोलतात. पण त्यांची खरी ओळख पटते ती कोणाहीसमोर न बिचकण्याच्या सवयीवरून. ही सवय पाठ करता येत नाही. ती शिक्षकांसोबत बसून घेतलेल्या जेवणांतून, वसतिगृहातल्या निवांत गप्पांतून अंगी मुरते. नायिकेची अडचण ही, की ती या गोष्टीचाही अभ्यास करू पाहते, आणि सहजतेचा अभ्यास करणारा माणूस लगेच ओळखू येतो.

प्रश्न : माझी तेरा वर्षांची मुलगी अशा कादंबऱ्या एकामागून एक वाचते. श्रीमंती आणि मोठेपणा यांचे वेड तिला लागेल, अशी भीती वाटते. या पुस्तकांना आळा घालावा का?

उत्तर : तुमची शंका अनाठायी नाही. जॉर्ज ऑर्वेल यांनी 1940 साली मुलांच्या साप्ताहिकांवर लिहिलेल्या निबंधात नेमके हेच म्हटले होते, की ज्यांना अशा शाळेचे दारही कधी दिसणार नाही ती मुले दर आठवड्याला तिथल्या चहापानाची आणि सामन्यांची स्वप्ने विकत घेतात, आणि त्या स्वप्नांत जगाची घड्याळे कधीची थांबलेली असतात. 'मॅग्नेट' साप्ताहिकातल्या शाळेच्या गोष्टींतला बिली बंटर हा मुलगा 1908 ते 1940 एवढा काळ त्याच वर्गात होता, हे लक्षात घेता ऑर्वेल यांचा राग समजतो. या गोष्टी फ्रँक रिचर्ड्स या नावाने लिहिणाऱ्या लेखकाने, ऑर्वेल यांचा निबंध ज्यात आला होता त्याच 'होरायझन' या नियतकालिकात, उत्तर दिले. लहान मुलांना निर्धास्त आणि आनंदी ठेवणे हे काही कमी काम नाही, असा त्याचा एकंदर रोख होता. मला दोघांचेही पटते, आणि तरी वाद तिथे संपत नाही, कारण पुढे हा प्रकार बदलत गेला. एनिड ब्लायटन यांच्या 'मॅलरी टॉवर्स'च्या (1946 ते 1951) सहा पुस्तकांत नायिका निदान वर्षागणिक मोठी तरी होते, आणि अलीकडच्या कादंबऱ्यांत तर शाळाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी असते.

आळा घालू नका, पण एक-दोन पुस्तके तिच्याआधी स्वतः वाचा. याचे एक कारण साधे आहे : याच विषयावरील काही कादंबऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या वाचकांसाठी असतात, आणि त्यांत मद्यपान, शरीरसंबंध, आत्मघात यांविषयी मोकळेपणाने लिहिलेले असते. दुसरे म्हणजे, पुस्तक भपक्याला भुलले आहे की त्याच्याकडे पाहते आहे, हे ओळखण्याची एक जागा मला सापडली आहे. खोल्या झाडणारी, भांडी घासणारी माणसे त्या पुस्तकात कुठे आहेत, ते पाहा. त्यांना नाव असेल आणि नायिका त्यांच्यासमोर ओशाळत असेल, तर तुमच्या मुलीला त्या पुस्तकापासून भय नाही.

प्रश्न : या गोष्टींतले आईवडील नेहमी गायब का असतात?

उत्तर : आईवडील जवळ असले की संकट त्यांच्याकडे नेता येते, आणि मग गोष्ट चौथ्या प्रकरणात संपते. निवासी शाळा लेखकाची ही अडचण कोणाला न मारता दूर करते. परंतु ते पुरते गायब नसतात. पालकांना शाळेत बोलावण्याचा एक दिवस जवळजवळ प्रत्येक कादंबरीत येतो, आणि माझ्या मते या साहित्यप्रकाराचे खरे मर्मस्थान तेच. कर्टिस सिटनफेल्ड यांच्या 'प्रेप' (2005) या कादंबरीत इंडियानातून मॅसॅच्युसेट्समधल्या निवासी शाळेत आलेल्या लीचे आईवडील भेटीला येतात. तिला त्यांची लाज वाटते आणि आपल्याला लाज वाटते याची त्याहून अधिक लाज वाटते. शाळेत सामावून जाण्याची किंमत कोण मोजते, हे अशा प्रकरणात कळते. (पुस्तक मुळात प्रौढांसाठी आले, पण मोठी मुले ते वाचतात.)

प्रश्न : मी अशी कादंबरी लिहू पाहतो आहे. नायिकेला शाळेतले सर्वोच्च विद्यार्थिपद हवे आहे. मी स्वतः निवासी शाळेत कधी राहिलेलो नाही. अनुभवाविना हे लिहिता येईल का? शेवटी तिला पद मिळावे की शाळेतून काढले जावे, हेही ठरत नाही.

उत्तर : वास्तव्याचा अनुभव नसला तरी चालेल, पण वेळापत्रक हवे. सकाळच्या घंटेपासून दिवे मालवेपर्यंत तिचा प्रत्येक तास कोठे जातो, एकटे राहायला तिला जागा कोणती मिळते, रडायचे असेल तर ती कोठे जाते, हे आधी कागदावर मांडा. पैशाविषयी कोणालाही बोलायला लावू नका. अशा शाळेत तो विषय बोलण्यातून येत नाही. लहान सुट्टीत सगळे निघून गेल्यावर रिकाम्या इमारतीत कोण उरते, हरवलेली वस्तू कोण शोधत बसते आणि कोण सरळ नवी मागवते, यांतून तो दिसतो.

पदाचा विचार मात्र पुन्हा करा. केवळ 'मोठे व्हायचे आहे' यापेक्षा एकच जागा आणि दोन उमेदवार हे केव्हाही चांगले, तेथवर आपली निवड योग्य आहे. पण ते पद तिला कशासाठी हवे आहे? ई. लॉकहार्ट यांच्या 2008 सालच्या एका कादंबरीतली फ्रँकी ही त्याच शाळेच्या माजी विद्यार्थ्याची मुलगी आहे, म्हणजे परकी मुळीच नाही. तरीही तिचे वडील ज्या गुप्त मंडळात होते ते केवळ मुलांचे असल्याने तिला तिथे प्रवेश नाही. मग ती पडद्याआडून, दुसऱ्याच्या नावाने संदेश पाठवून, त्या मंडळाला आपल्या तालावर नाचवते. आणि आपला पराक्रम कोणाला सांगता येत नाही, हेच तिला टोचते. तिला सत्ता हवी आहे, आणि ती आपली आहे हे इतरांनी मान्य करायलाही हवे आहे. आपल्या नायिकेच्या मनात या दोहोंपैकी काय अधिक आहे, हे आपल्याला कळले की शेवट पुष्कळसा ठरेल.

हकालपट्टीचा शेवट मी टाळला असता. तो लेखकाला सोयीचा असतो, कारण शाळा वाईट ठरते आणि नायिका चांगली, आणि तिला स्वतःला काहीच ठरवावे लागत नाही. तिला पद मिळू द्या. त्या रात्री ती घरी फोन करते आणि पलीकडून आई विचारते, "खूप अभ्यास केलास ना गं?" खोलीत तीन मैत्रिणी ऐकत बसल्या आहेत. ती काय उत्तर देते, हे आपण आधी लिहून पाहा. मधली प्रकरणे त्यानंतर हाती घ्या.