नादारीच्या (दिवाळखोरीच्या) अर्जासाठी वकिलांना भेटण्यापूर्वी

आपण पुण्यात राहत असल्यामुळे आपला अर्ज १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली जिल्हा न्यायालयात दाखल होईल. मुंबईसाठी १९०९ चा वेगळा कायदा आहे. भेटीपूर्वी प्रत्येक धनकोचे, म्हणजे ज्याचे आपण देणे लागतो त्याचे, नाव, पत्ता, थकबाकी आणि तारण लिहून काढा, आणि त्यात भिशीचे तसेच मेहुण्याकडून हातउसने घेतलेले पैसेही नोंदवा, कारण नेमकी हीच देणी माणूस संकोचापोटी सांगत नाही. गेल्या दोन वर्षांत घर किंवा जमीन पत्नीच्या नावे बक्षीसपत्राने केली असेल, अथवा गेल्या तीन महिन्यांत एकाच सावकाराला झुकते माप देऊन त्याचे पैसे आधी फेडले असतील, तर ते पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे. असे व्यवहार न्यायालय रद्द ठरवू शकते. जप्तीचे आदेश आणि पासबुके मूळ प्रतींसह सोबत न्यावीत.