जिल्हा परिषदेच्या शाळेत रोज गणित नेमकं कसं शिकवतात?

आमच्या यवतमाळकडच्या खेड्यातलं सांगतो. पहिली-दुसरी बहुतेक एकाच खोलीत, सर एकच, म्हणून एका वर्गाला फळ्यावरची गणितं उतरवायला लावायची आन् तेवढ्यात दुसऱ्याला शिकवायचं. सुरुवात पाढ्यांनी, सगळे पोट्टे एका सुरात, मागच्या रांगेतले नुसते ओठ हलवतात हे सरांनाही माहीत असते 😄

खरी मजा दशक-एककाची. तुराटीचे सारखे तुकडे करून दहा-दहाचे गठ्ठे बांधायचे, मग ४२ मधून १७ वजा करताना सुट्या काड्या दोनच, सात द्यायच्या कुठून, तर एक गठ्ठा सोडावा लागतो, बारातून सात गेले पाच, गठ्ठे चारचे उरले तीन, त्यातला एक द्यायचा म्हणजे दोन, झाले २५. हातचा घेणं हे एकदा हातानं केलं की लेकरू विसरत नाही, नुसतं फळ्यावर शिकवलं तर विसरतेच.

अडतात ते आकड्यांच्या नावात. सत्तेचाळीस म्हणताना सात आधी, लिहिताना चार आधी, म्हणून ७४ लिहून मोकळे. २०१९ ला बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात ‘चाळीस सात’ असं वाचन दिलं तर केवढा गदारोळ झाला होता. मला तर ते बरोबरच वाटलं.